म्हणजे काय धरायचं?

केजच्या स्टँडबाहेर जीपवाले ओरडत असतात, "निघालीच, निघालीच." ते ऐकून आपण आत बसतो आणि पाऊण तास तिथंच घाम पुसतो. यात विचारण्यासारखं काय आहे? निघालीच म्हणजे निघालेली नाही, हे केजमधल्या शेळीलाही कळतं. पण शेटे सर पायरीवर पाय ठेवायच्या आधी ड्रायव्हरला विचारायचे, "निघालीच म्हणजे काय धरायचं? सीटा भरल्यावर का टायमावर?" ड्रायव्हर म्हणायचा, बसा हो सर. सर बसायचे नाहीत. मला घाई न्हाई, म्हणायचे, फक्त धरायचं काय तेवढं सांगा. शेवटी तो वैतागून कबूल करायचा की अकरा सीटा झाल्यावर. मग सर आत डोकावून मोजायचे, सात झाल्यात, चार राहिल्यात, आणि निवांत जाऊन खिडकीशी बसायचे. वेळ आमच्याइतकाच जायचा. पण आम्ही चिडून बसलेलो असायचो आणि ते समाधानानं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला काहीतरी झालंय. नंतर सहा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले आणि मलाही तीच खोड लागली. आजही घरात कुणी "येतोच" म्हणालं की माझ्या तोंडून निघतं, येतोच म्हणजे काय धरायचं? नवरा म्हणतो, आला तुझा शेटे सर अंगात.

मन्मथ शेटे त्यांचं नाव. केजमध्ये त्यांच्या भावाचं किराणा दुकान, दुकानाच्या वर यांचं बिऱ्हाड. सकाळी अंघोळ करून पूजा झाली की कपाळाला विभूतीची बोटं, पांढरा फुल शर्ट, खिशात खडूची स्वतःची डबी, आणि डब्यात वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दिलेले धपाटे. गावापासून सहा किलोमीटरवर, बीड रोडला, माळावर आमचं खाजगी पॉलिटेक्निक. तिथं सर कॉम्प्युटर विभागात नेटवर्क शिकवायचे. मुलं त्यांना मागून "धरायचं सर" म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी तसं लिहून ठेवलं होतं, तर ते पुसायच्या आधी त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, अक्षर चांगलं हाय.

फळ्याचा डावा एक हिस्सा ते रेघ मारून वेगळा करत. त्यात त्या दिवशीच्या व्याख्या. उजवीकडचं कितीही वेळा पुसलं जायचं, डावीकडचं तास संपेपर्यंत नाही. मध्येच कुणी भलतं उत्तर दिलं की सर बोलायचे नाहीत, नुसता खडू डावीकडं करायचे. परीक्षेत एका पोरानं गणित पूर्ण चुकवलं होतं, पण वर कशाला काय म्हटलंय ते स्वच्छ लिहिलं होतं. सरांनी त्याला निम्मे मार्क दिले. मी भांडले, उत्तर चुकलंय ना सर? ते म्हणाले, चुकलंय, पण कुठं चुकलंय ते त्याला उद्या सापडंल.

दुसरी खोड पोचेची. सरांकडं एक प्लास्टिकची फाइल होती आणि तिच्यात आयुष्यभराच्या पोचा. लाइट बिलाची, गॅसची, रजेच्या अर्जाची. रजेचा अर्ज देताना ते दोन प्रती आणायचे आणि दुसरीवर क्लार्ककडून शिक्का मारून घ्यायचे. आमच्या कॉलेजात रजेचा अर्ज म्हणजे जाता जाता "मामा, उद्या येत नाही" एवढंच असायचं. शिक्का शोधायलाच त्यांना पंधरा मिनिटं लागायची. पण शिकवताना ह्याचाच उपयोग व्हायचा. नेटवर्कमध्ये इकडून माहितीचं पुडकं गेलं की तिकडून मिळाल्याचा निरोप येतो. पुस्तकात त्याला इंग्रजी शब्द आहे, सर त्याला सरळ पोच म्हणत. "जवर पोच न्हाई, तवर माल वाटंवर हाय असं धरायचं," हे वाक्य आमच्या कॉलेजातून पास झालेल्या कुठल्याही पोराला आजही झोपेतून उठवून विचारा.

मी रुजू झाले त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही, पाणी विचारलं नाही. विचारलं काय, तर ओरिजनल जमा केले का? आमच्याकडच्या संस्थांमधला हा रिवाजच होता. नोकरी लागली की दहावीपासूनची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा करायची, म्हणजे माणूस मध्येच सोडून जात नाही. दिलेला शब्द मोडता येतो, अडकलेले कागद सोडवता येत नाहीत. मी म्हटलं, उद्या करणार आहे. सर हळू आवाजात म्हणाले, "ताई, झेरॉक्स द्या. ओरिजनल दाखवा आन माघारी घ्या. मी नव वर्षांमागं दिलेत." मग ती फाइल उघडून त्यांनी मला पोच दाखवली. लॅमिनेशन केलेली. मूळ प्रती सात मिळाल्या, खाली देशमाने मामांची, म्हणजे हेडक्लार्कची सही, तारीख, गोल शिक्का. ती दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. ती पोच नीट आहे याचं थोडं समाधानच होतं.

मी मेंढ्या राखणाऱ्याच्या घरातली. तेलगावकडची. आम्हाला कोणता ओढा कुठून ओलांडायचा ते कुणी शिकवावं लागत नाही. मी देशमाने मामांना सांगितलं, माझी कागदं बीडला जात पडताळणीला दिलीत, आली की आणून देते. ती कागदं आमच्या पत्र्याच्या पेटीत, आईच्या लुगड्याखाली होती. सहा वर्षं मी हेच सांगत राहिले आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. सरांना हे ठाऊक होतं. ते मला कधी चुकीचं म्हणाले नाहीत. पण माझ्या जागी ते असते तर त्यांनी असं केलं नसतं, हेही मला कळत होतं.

सरांचा सगळ्यात मोठा उद्योग मात्र कॉलेजच्या बाहेरचा होता. इंटरनेटवर गर्दी झाली की पाठवणाऱ्या मशिननं हात कसा आखडता घ्यायचा, याचे नियम असतात. ते नियम जगभरातली इंजिनियर मंडळी मिळून लिहितात. मसुदा सगळ्यांसाठी खुला असतो, आणि शंका असली तर कुणीही मेल करून विचारू शकतो. कुणीही म्हणजे केजच्या माळावरचा माणूससुद्धा. सर सकाळी सातलाच लॅबमध्ये येत, कारण तेव्हा लाइटही असायची आणि नेटही रिकामं असायचं. नऊ वाजेपर्यंत ते एकेक मसुदा पेन्सिल घेऊन वाचत, आपण पंचांग बघतो तसं.

असाच एक मसुदा त्यांच्या हाती लागला. त्याच्या सुरुवातीला व्याख्यांमध्ये दोन आकडे दिले होते. एक, पाठवणाऱ्याला एका वेळी जास्तीत जास्त किती माल पाठवायची परवानगी आहे तो. दुसरा, खरोखर पाठवलेला, पण अजून पोच न आलेला, म्हणजे वाटेवरचा माल किती तो. दोन्हींना स्वतंत्र नावं. आणि मग पुढं, आठव्या पानावर, एक वाक्य होतं की माल गहाळ झाल्याचं दिसताच विंडो निम्मी करावी. बस. नुसतं विंडो, त्या दोन नावांपैकी एकही नाही. सरांनी त्या शब्दाभोवती पेन्सिलनं गोल केला आणि मला बोलावलं. विचारलं, ताई, निम्मं कशाचं?

मी म्हटलं, काय फरक पडतो सर, निम्मं म्हणजे निम्मं. पुढच्या आठवड्यात त्यांनी शेवटच्या वर्षाच्या पोरांना आणि मला आमच्या गावाकडच्या एका साखर कारखान्याच्या यार्डात नेलं. हंगाम भरात होता. वजनकाट्यापासून पार रस्त्यापर्यंत उसाचे ट्रॅक्टर लागलेले, ड्रायव्हर ट्रॉलीखाली सावलीत झोपलेले. सर एका ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभे राहिले. त्यांनी सांगितलं, समजा आपल्या गटाला कारखान्यानं शंभर ट्रॅक्टर आणायच्या चिठ्ठ्या दिल्यात. पण तोडणीची माणसं कमी आहेत, म्हणून आपले ट्रॅक्टर रस्त्यावर वीसच आहेत. इतर गटांचेही येतातच. यार्ड तुंबलं. साहेब म्हणाले, प्रत्येकानं निम्मं करा. आता पोरांनो, निम्मं कशाचं करता?

एक पोरगा म्हणाला, चिठ्ठ्यांचं. म्हणजे पन्नास. सर म्हणाले, बरं, रस्त्यावर तर वीसच हायेत. मग तू कमी काय केलंस? उद्या माणसं मिळाली तर ह्या तुंबलेल्या यार्डात तू आणखी तीस घालशील की. दुसरा म्हणाला, रस्त्यावरच्यांचं निम्मं, दहा. तेव्हा सर हसले. ट्रॉलीतून उसाचं एक कांडं ओढून त्यांनी त्या पोराच्या हातात दिलं. ड्रायव्हर खालून ओरडला, पण तोपर्यंत वर्ग संपला होता. मी घरी गेल्यावर हे वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, त्यात काय, वाघरीच्या जाळीत किती मेंढरं अन् रानात किती, हे आकडे निराळेच असत्यात, राखणारं पोरगं झोपलेलं असलं तरच येक धरतंय. मला माझीच लाज वाटली.

सरांनी मेल लिहिली. चार ओळींची. ती लिहायला त्यांना तीन दिवस लागले. आठव्या पानावरच्या वाक्यात विंडो म्हणजे परवानगीचा आकडा धरायचा की वाटेवरचा, एवढंच. आठ दिवसांनी उत्तर आलं. कुणी मोठा माणूस होता, मसुदा लिहिणाऱ्यांपैकी. अर्थ संदर्भावरून स्पष्ट आहे, असं त्यानं लिहिलं होतं, आणि खाली तो अर्थ एका ओळीत सांगितला होता, परवानगीचा. दोन दिवसांनी दुसऱ्या एका मोठ्या माणसाचं उत्तर आलं. त्यालाही नवल वाटलं होतं की यात विचारण्यासारखं काय आहे. अर्थ उघडच आहे, वाटेवरचा.

दुसरा कुणी असता तर नाचला असता. मी तर स्टाफरूममध्ये ओरडलेच. सरांनी दोन्ही उत्तरं एकाखाली एक ठेवली आणि त्यांच्याखाली एकच ओळ लिहून पाठवली. दोघांनाही स्पष्ट आहे, माझा प्रश्न तसाच आहे.

त्यानंतर तिकडं जे भांडण लागलं ते वर्षभर चाललं. असं निघालं की दोन ठिकाणच्या लोकांनी त्या एका वाक्यावरून दोन निराळे प्रोग्रॅम लिहून ठेवले होते, आणि गर्दी झाली की एक मशिन हात आखडायचं आणि दुसरं नुसतं आखडल्यासारखं करायचं. सर रोज सकाळी सातला येऊन वाचायचे, कधीमधी दोन ओळी लिहायचे. शेवटी ते वाक्य बदललं. वाटेवरच्या मालाचं नाव त्यात स्पष्ट लिहिलं गेलं, आणि व्याख्यांच्या यादीत आणखी तीन ओळी वाढल्या, कुठला आकडा केव्हा मोजायचा, गहाळ झाल्याच्या आधीचा की नंतरचा. कागदाच्या अगदी शेवटी आभाराच्या यादीत सव्वीस नावं होती, त्यात एकविसावं एम. शेटे. मी प्रिंट काढून स्टाफरूमच्या बोर्डावर लावली. प्राचार्यांनी विचारलं, हे एम. शेटे कोण? सर समोरच बसून धपाटं खात होते.

आणि मग ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगतेय ती घडली. त्या दोन मोठ्या माणसांपैकी दुसरा आपल्याकडचाच होता, बंगळुरूच्या एका कंपनीत. त्याचा सरांना फोन आला. आमच्याकडं या, म्हणाला, तुम्ही हेच काम करा, दिवसभर, पगारी. दोन वेळा फोनवर मुलाखत झाली. सर लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर उभं राहून बोलायचे, कारण रेंज तिथंच यायची. पत्र आलं. महिन्याच्या वीस तारखेला रुजू व्हायचं आणि येताना मूळ प्रमाणपत्रं आणायची.

वहिनींनी तर सामानाची यादीच केली. मला म्हणाल्या, "ताई, सोळा वर्सं झाली लग्नाला, पहिल्यांदाच ह्ये मला म्हन्ले की बांध." एवढ्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सर चेअरमनसाहेबांकडं गेले. राजीनाम्याच्या दोन प्रती, एक पोचेसाठी. चेअरमनसाहेब वाईट माणूस नव्हते, असं म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. मी म्हणणार नाही. गोड माणूस होते, एवढं म्हणेन. त्यांनी चहा मागवला, पाठीवर हात ठेवला. म्हणाले, सर, तुम्ही घरचं माणूस. कागदं काय पळून चाललीत का? मान्यतेची तपासणी होऊ द्या, मग न्या. कॉम्प्युटरला मान्यताप्राप्त शिक्षक म्हणून तपासणीवाल्यांना दाखवायला सरांशिवाय दुसरं कुणी नव्हतं. माझी तर कागदंच "बीडला" होती.

तपासणी कधी, असं सरांनी विचारलं. लवकरच, असं उत्तर मिळालं. लवकरच म्हणजे काय धरायचं, असं त्यांनी चेअरमनसाहेबांना विचारायला पाहिजे होतं. जीपवाल्याला विचारणारा माणूस, जगातल्या मोठ्या इंजिनियरांना विचारणारा माणूस, तिथं चहा पिऊन उठला. मी पुढं एकदा त्यांना विचारलं, कावून न्हाई विचारलंत? ते म्हणाले, त्यांनी पाठीवर हात ठिवला की माझी बोलती बंद होती.

तारीख जवळ आली. सर रोज ऑफिसात जाऊन बसायचे. देशमाने मामा चष्मा पुसत म्हणायचे, कपाटाची किल्ली साहेबांकडं हाय. मला राहवेना. आमच्याकडं अशा अडकलेल्यांसाठी एक सरळ वाट होती आणि निम्मे लोक तिनंच सुटत. पोलीस ठाण्यात प्रमाणपत्रं हरवल्याची तक्रार द्यायची, प्रतिज्ञापत्र करायचं, विद्यापीठातून दुसऱ्या प्रती काढायच्या. कंपनीला महिनाभर थांबा म्हणायचं, थांबली असती ती. मी सरांना हे सगळं लिहून दिलं, अर्जाचा मसुदासुद्धा. त्यांनी तो पेन्सिल घेऊन वाचला. आणि एका शब्दाभोवती गोल केला. हरवली.

"ताई, हरवली म्हणजे कुठं हाय ते ठाव न्हाई, असं धरतात. मला ठाव हाय. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या फळीवर, खाकी पाकिटात. माझ्याकडं पोच हाय. मग हरवली असं शपथंवर कावून लिहू?"

मी भांडले. म्हटलं, सगळे लिहितात. म्हणाले, लिहू द्या. म्हटलं, वहिनींचा तरी विचार करा. तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसले. पण कागद त्यांनी परत केला, घडी घालून, नीट. मला त्यांचा इतका राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खोटं बोलणारी मी मोकळी फिरत होते आणि हा माणूस एका शब्दापायी स्वतःला कोंडून घेत होता. वीस तारीख आली आणि गेली. एकवीस तारखेला सकाळी सात वाजता लॅबचं दार उघडं होतं.

तपासणी झाली. त्यातही सरांनी घोळ घातलाच. तपासणीवाल्यांनी विचारलं, विद्यार्थी किती? सर म्हणाले, पटावरचे धरायचे का वर्गातले? प्राचार्यांचा चेहरा उतरला. त्यानंतर चेअरमनसाहेबांचा पाठीवरचा हात गेला आणि कागदांचा विषयही. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. बंगळुरूच्या माणसानं दोनदा विचारलं, मग त्याचंही विचारणं थांबलं. वहिनींनी ती सामानाची यादी देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. सर नवीन मसुदे वाचत राहिले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मात्र एक बदल झाला होता. पूर्वी ते तास संपला की फळ्याचा डावा हिस्सा स्वतः पुसून जायचे. आता तसाच ठेवून जायचे.

मी पुढं बीडला सरकारी कॉलेजात लागले आणि पत्र्याच्या पेटीतली कागदं घेऊन ताठ मानेनं गेले. निघताना सर म्हणाले, पोच घ्या. म्हटलं, कशाची? म्हणाले, राजीनाम्याची. त्यांनीच शिक्का शोधून आणला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. देशमाने मामा निवृत्त झाले होते, चेअरमनसाहेब अंथरुणाला खिळले होते आणि त्यांच्या मुलाला कॉलेजात रस नव्हता. ऑफिसात नवे क्लार्क आले होते, रौफभाई. त्यांनी सरांना स्वतःहून सांगितलं होतं, "सर, किल्ली मेरे पास आयी. मंगळवारी या, तुमचे कागद घेऊन जा." सरांनी फोनवर एवढंच विचारलं, ताई, तुमी येता का? त्यांनी आजवर मला कधी काही मागितलं नव्हतं. मी रजा टाकून गेले.

कपाट उघडलं. दुसरी फळी. खाकी पाकिटांची चळत. रौफभाईंनी एकेक नाव वाचत सरांचं पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांना दिलं. सरांनी ते उघडलं. आत झेरॉक्सचा एक संच होता आणि एक चिठोरं. मान्यता प्रस्तावासोबत मूळ प्रती सात पाठवल्या, पुढं जावक क्रमांक. रौफभाईंनी जुनं जावक रजिस्टर शोधलं. नोंद सापडली. सर रुजू झाल्यानंतर बाराव्या दिवसाची. त्या रजिस्टरात प्रत्येक नोंदीशेजारी पोच चिकटवायची जागा असते. सरांच्या नोंदीशेजारी ती कोरी होती.

म्हणजे सतरा वर्षं त्या पाकिटात मूळ कागद एकही नव्हता. चेअरमनसाहेबांना ठाऊक होतं का, मामांना आठवत होतं का, देव जाणे. प्रस्ताव गेला होता त्या मान्यतेच्या कार्यालयात रौफभाईंनी तिथूनच फोन लावला. तिथली इमारतच दोनदा बदलली होती, एवढी जुनी टपालं आता कुठं कोण शोधणार. सर रजिस्टरवर बोट ठेवून उभे होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणजे तवा खरंच हरवलीच होती की, ताई."

मी लिहून दिलेला तो अर्ज तेव्हाही खरा होता. अक्षरन् अक्षर खरा.

आम्ही तिथूनच जीपनं केजला आलो, पोलीस ठाण्यात. हवालदारानं छापील फॉर्म दिला. सरांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सात प्रमाणपत्रांची नावं क्रमानं लिहिली. मग हरवल्याची तारीख, या रकान्यापाशी त्यांचा पेन थांबला. मला वाटलं, जावक रजिस्टरची तारीख लिहितील, तीच अचूक होती. त्यांनी मला विचारलं, "ताई, कोणची धरायची?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हा प्रश्न उत्तर ठाऊक नसताना विचारला असावा. मी म्हटलं, सर, तुम्हीच ठरवा. त्यांनी फाइलीतली ती लॅमिनेशन केलेली पोच काढली, तिच्यावरची तारीख पाहिली, आणि ती उतरवून काढली. ज्या दिवशी त्यांनी कागदं स्वतःच्या हातानं दिली होती, ती.

हवालदारानं फॉर्म वाचला. तारखेपाशी तो अडला. "सर, सतरा वर्सं? इतके दिवस काय करत होता मग?"

"शिकवत होतो," सर म्हणाले.

त्यानं दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला, सरांनी मागायच्या आधीच. सरांनी ती पोच फाइलीत घातली. त्यांना तीन वाजता प्रॅक्टिकल होतं. मी म्हटलं, आज राहू द्या की सर, चला, घरी वहिनींना सांगू. ते म्हणाले, पोरं थांबली असतील.

स्टँडबाहेर जीपवाला ओरडत होता, निघालीच, निघालीच. आत फक्त दोघं बसली होती. मी वाट पाहिली की आता सर विचारतील. ते पायरीवर चढले, खिडकीशी जाऊन बसले, फाइल मांडीवर ठेवली. त्यांनी काहीच विचारलं नाही. मी बीडच्या एसटीत बसले, एसटी सुटली, वळणावर मी मागं पाहिलं. जीप तिथंच उभी होती.